पापुद्रे

आमच्या न्हाणीघरातली निळी बादली परवा काठाशी फुटली. फुटली म्हणण्यापेक्षा उलली. तडा गेला होता तिथं सहज नख घातलं, तर पातळ पापुद्रा सुटून हातात आला. त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. पोळीला असे पापुद्रे सुटले की करणारीचं कौतुक होतं. बादलीला सुटले तेव्हा आईनं मान हलवली आणि म्हणाली, "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं."

तेव्हा म्हणजे दीड-दोन वर्षांपूर्वी, बोहारीण दारात बसली होती तेव्हा. आईनं दोन साड्या आणि बाबांची एक पँट पुढे केली. बोहारणीनं साड्यांकडे नुसतं बघितलं, पण पँटचं कापड चिमटीत धरून चोळलं आणि बाजूला टाकलं. "टेरिकॉट हाय. ह्यात सूत कमी." शेकडा सदुसष्ट पॉलिएस्टर आणि तेहतीस सूत हे टेरिकॉटचं जुनं ठरलेलं प्रमाण. ते मी परीक्षेच्या पेपरात विचारत असे आणि निम्मी मुलं उलटं लिहीत. ह्या बाईनं ते बोटांनी ओळखलं. मात्र बादली देताना तिनं ती बोटं वापरली नाहीत, किंवा वापरली असतील आणि आम्हाला सांगितलं नसेल. आईनं बादली उलटी करून बुडावर टिचकी मारली. आवाज काही तिला पटला नाही. पण रंग निळा होता आणि मला तो आवडला.

आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईनं रंगावर भुलून बादली घ्यावी, हे आता मी कुणाला सांगत नाही.

तर पापुद्रे. ही बादली बहुधा दोन प्लास्टिकांची मिळून झालेली. बाटल्यांची बुचं, जुने क्रेट, फुटके मग, दोरखंडं, असं सगळं दळून, वितळवून, त्याचा दाणा पाडतात आणि त्या दाण्याच्या बादल्या निघतात. त्यात मुख्य ऐवज दोन जातींचा, पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही नुसत्या कार्बन-हायड्रोजनची. दोन्ही एकाच तेलाच्या घरात जन्मलेली. फरक एवढाच, की पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एक कार्बन सोडून दुसऱ्याला एक छोटी फांदी असते, एका कार्बनची आणि तीन हायड्रोजनांची. एवढ्या फरकावरून ही दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. दोनशे अंशांवर एकत्र वितळवा, यंत्रात घुसळा, साच्यात दाबून भरा, वरून सगळं एकजीव दिसतं. आत मात्र दोघं आपापले थर धरून बसलेली असतात, साच्यात शिरताना ताणली जाऊन पत्र्यासारखी झालेली. गार झालं की तसेच थिजतात. मराठीत ह्याला फार नेमका शब्द आहे, भाऊबंदकी.

पाण्यात साखर विरघळते, दारूत पाणी मिसळतं, मग इथंच काय अडलं? ह्याचं उत्तर मला फळ्यावर नीट देता आलं नव्हतं. ते मला सुचलं निवृत्तीनंतर, माळ्यावरच्या बरण्या आवरताना. एका बरणीत अर्धी मोहरी आणि अर्धे तीळ घाला, चार वेळा हलवा. मिसळतात. त्यांना एकमेकांबद्दल प्रेम आहे म्हणून नव्हे. मिसळून बसायच्या तऱ्हा अब्जावधी आणि वेगवेगळं बसायच्या तऱ्हा मोजक्या, म्हणून. ह्या तऱ्हांच्या मोजणीलाच एन्ट्रॉपी म्हणतात, बाकी त्या शब्दाभोवतीचं धुकं पुस्तकांनी तयार केलेलं आहे. आता तीच मोहरी हजार-हजार दाण्यांच्या माळेत ओवा. तिळाच्याही तशाच माळा करा. आणि पुन्हा बरणी हलवा. एक मोहरी जिथं जाईल तिथं उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव तिच्या मागे फरफटत जाणार. मिसळण्याच्या तऱ्हा एकदम आटल्या. उलट प्रत्येक दाण्याची शेजारच्या परक्या दाण्याबद्दलची जी बारीकशी नावड होती, ती तशीच राहिली, आणि माळेला ती हजार वेळा मोजावी लागते. एकट्या माणसाची नापसंती बघता बघता घराण्याचं वैर होते.

हा हिशेब 1941–42 मध्ये दोन माणसांनी स्वतंत्रपणे मांडला. मॉरिस हगिन्स कोडॅकमध्ये होता, पॉल फ्लोरी एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत. एक फिल्मवाला, एक तेलवाला. लांब साखळ्यांचे रेणू असतातच कुठे, असं मोठमोठे रसायनतज्ज्ञ ठासून म्हणत होते त्याला तेव्हा वीसच वर्षं झाली होती. हेरमान स्टाउडिंगरनं 1920 मध्ये साखळीची कल्पना मांडली आणि पुढं बराच काळ ती एकट्यानं लढवली. फ्लोरी-हगिन्स हिशेबाचं सार सांगायचं तर, लहान रेणूंना एकमेकांबद्दल जेवढी नावड खपून जाते, तिचा जेमतेम हजारावा भाग हजार कड्यांच्या साखळ्यांना खपतो. म्हणजे कुठलीही दोन प्लास्टिकं उचला, ती एकमेकांत न मिसळणारी निघण्याचीच शक्यता फार. फ्लोरीला 1974 मध्ये नोबेल मिळालं. हगिन्सला मिळालं नाही. समीकरणात मात्र दोघांचं नाव एका आडव्या रेघेनं कायमचं जोडलेलं आहे.

आता ह्यातली गंमत. साखर गार पाण्यात कमी आणि गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून आपल्याला वाटतं की तापवलं की सगळं मिसळतं. ज्या थोड्या पॉलिमर-जोड्या एकमेकींत मिसळतात त्यांतल्या कितीतरी ह्याच्या उलट वागतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर ही प्रयोगशाळेतली लाडकी जोडी. दोघांची एकत्र पातळ फिल्म ओतली तर काचेसारखी नितळ. ती तापवत न्यायची. एका ठरावीक तापमानाला ती दुधाळ होते. दोघं वेगळी झाली. गार असताना ज्या हलक्या ओढीनं एकत्र होती ती ओढ उष्णतेनं सैल पडते, शिवाय तापल्यावर दोघांचा ऐसपैसपणा सारख्या प्रमाणात वाढत नाही, आणि संसार फुटतो.

फुटतो हा शब्द मी मुद्दाम वापरला. कढी फुटते ना, तसा. ताक गार असताना कसं गुळगुळीत असतं. चुलीवर ठेवून दुर्लक्ष केलं की पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. तिथली कारणं निराळी, आंबट झालेल्या दुधातली प्रथिनं उष्णतेनं गोळा होतात. पण वाटीत बघणाऱ्याला दिसतं ते एकच. आणि त्यावरचा उपाय आपल्या बायकांना फ्लोरीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, ताकाला थोडं बेसन लावायचं. फार नाही. लिटरभर ताकाला दोन-तीन चमचे. बेसन स्वतः ताकात विरघळत नाही. ते मध्ये राहतं, प्रथिनांचे कण एकमेकांना जाऊन चिकटू देत नाही. ही मध्यस्थी मला पुढं परत लागणार आहे, म्हणून इथं नुसती सांगून ठेवते.

रेणूंच्या पातळीवर खरोखर मिसळलेली जोडी क्वचितच सापडते, आणि सापडली की पैसा करते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ॲलन हे ह्यानं 1956 मध्ये एक नवं पॉलिमर बनवलं, पॉलिफेनिलिन ऑक्साइड. कणखर, उष्णतेला दाद न देणारं. इतकं दाद न देणारं, की त्याला साच्यात ओतणंच मुश्कील. जवळजवळ 210 अंशांपर्यंत ते काचेसारखं ताठ राहतं. ते नीट वाहावं म्हणून त्याच्याही बरंच वर तापवावं तर बिघडायला लागतं. मग त्यात पॉलिस्टायरीन घालून पाहिलं, म्हणजे साधं, स्वस्त, शंभर अंशांवर मऊ पडणारं. आणि ही दोघं चक्क मिसळली, कुठल्याही प्रमाणात. 1966 मध्ये नोरिल नावानं ते मिश्रण बाजारात आलं. यंत्रांची कवचं, पंपांचे भाग, विजेच्या पेट्या, असं त्याचं बरंच काही होतं.

खरी मिसळण कशी ओळखायची? मऊ पडण्याच्या तापमानावरून. न मिसळलेलं मिश्रण दोनदा मऊ पडतं, एकदा एका जातीच्या तापमानाला, एकदा दुसरीच्या. खरं मिसळलेलं एकदाच, अधल्यामधल्या कुठल्यातरी अंशाला. ह्या दोघांना निम्मं-निम्मं घेतलं तर हिशेब 150 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे रेणूंनी आपापला स्वभाव सोडून तिसराच एक स्वभाव धरलेला असतो.

हे "मऊ पडणं" म्हणजे वितळणं नव्हे. चिक्की आठवा. साखर-गुळाचा पाक गार होऊन ताठतो तेव्हा त्याचे स्फटिक झालेले नसतात, ती एक प्रकारची काचच असते, म्हणून ती कडकन मोडते. लोणावळ्याहून येताना घेतलेला पुडा पावसाळ्यात उघडा राहिला की हवेतलं पाणी त्या काचेत शिरतं, रेणूंच्या फटींत जाऊन बसतं, त्यांना हलायला जागा करून देतं, आणि चिक्की सादळते. सादळणे ह्या क्रियापदावर माझा जीव आहे. प्लास्टिकच्या धंद्यातला एक अख्खा विभाग ह्या एका क्रियापदात मावतो. 1926 मध्ये वॉल्डो सीमननं पीव्हीसीला असंच सादळवलं. जड, चिवट तेलकट द्रवात ते विरघळवून. त्याआधी कडक नि निरुपयोगी ठरलेलं ते पीव्हीसी मग रबरासारखं वाकायला लागलं. नळाचा पाइप आणि रेनकोट एकाच पॉलिमरचे, फरक फक्त आत किती ओल मुरवली त्याचा. ती ओल हळूहळू निघून जाते. जुन्या स्कूटरच्या सीटचं रेक्झिन तडकतं ते म्हणूनच.

मिसळण्याची ही थोरवी गाऊन झाल्यावर आता उलट बाजू सांगते, कारण माझं मन खरं तिथं आहे.

शाळेच्या कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी घ्या. बहुतेक वेळा ती पॉलिस्टायरीनची असते. बाकावर आपटली की टणक, जवळजवळ धातूसारखा आवाज येतो. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेली पट्टी दिवाळीपर्यंत दोन तुकड्यांत असणार, हे ठरलेलं. वाकवत गेलं की कुठल्याशा ओरखड्यापाशी एक चीर उघडते आणि निमिषात आरपार जाते, तिला अडवायला आत काहीच नसतं. आता फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर पाहा. तेही मूळ पॉलिस्टायरीनच. चिवट, बोथट, आपटल्यावर ठप्प वाजणारं. फरक शेकड्यात थोड्याशा रबराचा. आणि ते रबर पॉलिस्टायरीनमध्ये मिसळलेलं नाही! मिसळलं असतं तर सगळंच थोडं मऊ पडलं असतं, संपलं. ते बारीक कणांच्या रूपानं वेगळं राहिलंय, एखाद-दोन मायक्रॉनचे कण, आपल्या केसाच्या जाडीत रांगेनं डझनांनी मावतील असे. चीर धावायला लागली की प्रत्येक कणाभोवती तिच्या हजार बारीक पोटचिरा फुटतात, धाग्यांनी शिवलेल्या, अर्धवट उघडलेल्या, आणि आघाताचा जोर त्यांच्यात वाटला जाऊन संपतो. दह्याचा पांढरा कप वाकवला की घडीवर दुधी रेघ उमटते ना? त्या ह्या पोटचिरा. आपण त्याला डाग म्हणतो. ती खरं म्हणजे न मोडल्याची खूण.

नुसतं रबर ढवळून हे जमत नाही. रबर आधी द्रवरूप स्टायरीनमध्ये विरघळवतात, मग ढवळत ढवळत त्या स्टायरीनच्या साखळ्या होऊ देतात. साखळ्या वाढल्या की रबराशी त्यांचं पटेनासं होतं, दोघं वेगळी व्हायला लागतात, आणि सुरुवातीला स्टायरीनला पोटात घेऊन बसलेलं रबर एका क्षणी उलटं होतं. पसरलेलं होतं ते थेंबांत तुटतं. पण वेगळं होता होता स्टायरीनच्या काही साखळ्या रबराच्या अंगावरच उगवलेल्या असतात, कलम बांधल्यासारख्या. त्या कलमांमुळे सीमेवर पकड राहते. ऑस्मियमच्या संयुगानं रबर काळं रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर प्रत्येक कणाचा छेद आडव्या चिरलेल्या डाळिंबासारखा दिसतो: काळे पातळ पडदे, आणि पडद्यांच्या आत पॉलिस्टायरीनचे फिके दाणे. असं एक छायाचित्र मी वर्षानुवर्षं वर्गात फिरवलं. मागच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर त्यावर बोटांचे ठसे पडलेले असत.

ह्याची किंमत एकच, पारदर्शकपणा. रबर आणि पॉलिस्टायरीन प्रकाशाला वेगवेगळं वळवतात, कणाकणावर प्रकाश विखुरतो आणि वस्तू पांढरी दिसते. पट्टीतून आरपार दिसतं आणि ती मोडते.

म्हणजे प्रश्न किती मिसळलं एवढाच नाही, न मिसळणाऱ्यांनी वेगळं राहून सीमा कशी सांभाळली हाही आहे. आणि थेंब किती बारीक झाला, हा. त्यासाठी घुसळणं आलं, आणि घुसळण्याचं शास्त्र आमच्या आजीच्या पुरणपोळीत होतं. ती कणीक तेलपाण्यात तासभर भिजवून तिंबायची आणि मग पुरणाच्या गोळ्याशेजारी ठेवून दोन्ही बोटांनी दाबून बघायची. पुरण जितकं सैल, कणीक तितकीच सैल. पुरण घट्ट राहिलं तर लाटताना ते मध्येच गोळा होऊन बसतं, कडेपर्यंत जात नाही. सर जेफ्री टेलरनं 1934 मध्ये केंब्रिजला चार फिरत्या रुळांच्या मधल्या द्रवात थेंब सोडून असंच बघितलं. आतला थेंब आणि बाहेरचा द्रव साधारण सारख्या घट्टपणाचे असतील तर थेंब छान ताणला जाऊन तुटतो. थेंब बाहेरच्याच्या चौपटीहून फार घट्ट असेल, तर नुसत्या घासण्यानं कितीही फिरवा, तो जागच्या जागी गरगरत राहतो. तुटत नाही. प्लास्टिकच्या कारखान्यात दोन मळसूत्रांचं लांबलचक यंत्र असतं, त्यात दाणा एका टोकाला पडून दुसऱ्या टोकाला शेवयांसारखा बाहेर येतो. पण आत जाणाऱ्या दोघांचा घट्टपणा जुळत नसेल तर तेही हात टेकतं. आजीला ह्यातलं काही सांगितलं असतं तर तिनं मला लाटणं हातात देऊन करून दाखव म्हटलं असतं, आणि मला आलं नसतं.

आता त्या बेसनाकडे. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या भाऊबंदकीत मध्यस्थ कोण? अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा हवा. 2017 मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी असा रेणू करून दाखवला, एकाच साखळीत एक तुकडा पॉलिएथिलीनचा, पुढचा पॉलिप्रॉपिलीनचा, पुन्हा एथिलीनचा, पुन्हा प्रॉपिलीनचा. प्रत्येक तुकडा आपापल्या जातीच्या थरात शिरतो, तिथल्या साखळ्यांत गुंततो, आणि सीमा टाक्यांनी शिवल्यासारखी होते. शेकडा एक एवढं घातलं तरी ठिसूळ मिश्रण चिवट झालं. दोघं मिसळली नाहीतच. थर थरच राहिले, फक्त सुटेनासे झाले. प्रयोगशाळेत झालं, आमच्या बोहारणीच्या बादलीपर्यंत काही ते आलेलं नाही.

ती बादली जिथं जन्मली तिथं मिसळण्याच्या आधीच वेगळं करणं हाच एक उपाय, आणि तो हातांचा आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरावेचकांची संघटना म्हणून उभी आहे. आमच्या गल्लीत येणारी बाई बाटली, बूच, लेबल असं तीन ठिकाणी फेकते, बोलता बोलता, न बघता. वजनावर पाण्यात निवडता येईल तेवढं येतं. पेट बाटलीचे तुकडे बुडतात, पीव्हीसी बुडतं. पण पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दोघंही पाण्याहून हलकी, दोघंही तरंगतात. म्हणजे जी दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, नेमकी तीच हौदात एकमेकांपासून वेगळीही निघत नाहीत. तिथं पुन्हा बोटं, नख आणि कान.

बादली फुटली त्या दिवशी मी ती ह्या कचरावेचक बाईपुढे ठेवली. तिनं काठाचा तुकडा तोडला, पिळला, कानाशी नेऊन मोडला, पापुद्रा ओढून बघितला.

"मिक्स माल हाय, काकू. ह्याला दर न्हाई."

"नेशील का तरी?"

"नेऊन काय करू? ठेवा, कुंडी व्हईल."

आईला ते एकदम पटलं. मी गॅसवर सळई तापवली आणि बुडाला पाच भोकं पाडली. मेणबत्ती विझल्यासारखा वास सगळ्या घरात पसरला. आई खिडक्या उघडत फिरली आणि मला दोन शब्द ऐकवले. पहिल्या भोकांच्या कडा गुळगुळीत आल्या, थर एकमेकांत विरून गेल्यासारख्या. पाचव्याला सळई निवत आली होती. तिथं पुन्हा पापुद्रे उठले. आईनं त्यावर खापरीचा तुकडा ठेवला, माती भरली आणि अळूचा कंद लावला.